बंद बरणीतले मोती

१

"आपणच धम्मदीप मेश्राम का? माझ्या कुलूपबंद फ्रीजमधल्या झाकणबंद बरणीतून सगळे मोती नाहीसे झाले आहेत. रिकामे असाल तर ताबडतोब मांजरीला या. रिकामे नसाल तर तसं सांगा, दुसरा शोधतो."

धम्मदीप रिकामाच होता. कोथरूडमध्ये गणिताच्या क्लासच्या डोक्यावर त्याचं ऑफिस होतं, आणि खालून बीजगणिताची सूत्रं ऐकत सकाळपासून तो एकच कप चहा पुरवून पुरवून पीत होता. बँकेच्या दक्षता विभागातली नोकरी सोडून त्यानं खाजगी तपासाचं काम धरलं, त्यात असे दिवस यायचेच.

"मोती फ्रीजमध्ये का ठेवले होते?" त्यानं विचारलं.

"कारण कपाटात ते खराब होतात," असं म्हणून पलीकडून फोन ठेवला गेला.

धम्मदीप मूळचा नागपूरचा. पुण्यात इतकी वर्षं काढूनही असल्या उत्तरावर हसायचं की रागवायचं हे ठरवायला त्याला क्षणभर लागायचाच. आज तो हसला, हेल्मेट चढवलं आणि सगळं शहर ओलांडून मांजरीला पोचला.

एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नव्या सोसायट्यांचे टॉवर आणि मधे एक बैठी इमारत. दारातच पाटी होती : "चपला बाहेर काढाव्यात. चोरीला गेल्यास आम्हांला सांगू नये." आत टेबलावर ट्रे आणि दुसरी पाटी : "मोबाइल येथे ठेवावा. तासभर जगाचं तुमच्यावाचून अडत नाही." आणि प्रयोगशाळेच्या काचेवर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत : "आत खाणे, पिणे व चघळणे सक्त मना आहे. यात पाणीही आले."

या सगळ्या पाट्यांचे लेखक डॉ. शरच्चंद्र भानू पाठीमागे हात बांधून उभे होते. उंच, सडपातळ, आणि चेहरा असा की आत्ताच कुणीतरी त्यांना चुकीचं व्याकरण ऐकवलंय. छोट्या औषध कंपनीचे मालकही तेच आणि मुख्य शास्त्रज्ञही तेच.

त्यांनी धम्मदीपला फ्रीजपाशी नेलं. फ्रीजला आडवी-उभी चिकटपट्टी मारून वर ताजी पाटी लावली होती : "पुरावा. हात लावू नये."

"काल संध्याकाळी या बरणीत साबुदाण्याएवढे मोती काठोकाठ होते. सकाळी मी आणि आमच्या दीपालीनं फ्रीज उघडून पाहिलं तर बरणीत नुसतं पाणी. कुलूप जिथल्या तिथे, झाकण घट्ट. आज चार वाजता हॉस्पिटलची समिती हे मोती बघायला येतेय. त्यांना आवडले तर रुग्णांवर चाचणी होईल. आणि मोती बाहेर गेले असतील तर आमची सगळी कृती दुसऱ्याच्या हातात गेली. मग समितीला काय दाखवू? पाणी?"

"कुणावर संशय?"

"संशय नाही, खात्री आहे." भानूंनी खिडकीकडे बोट केलं. "चोर तो बाहेर व्हरांड्यात बसून पोहे खातोय."

२

पोहे खाणारा होता साई, प्रयोगशाळेतला तरुण मदतनीस. पुढच्या सोमवारी तो हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीत रुजू होणार होता. त्याच कंपनीचा रविराज नावाचा माणूस काल दुपारी भानूंना भेटायला आला होता. मोत्यांची कृती विकत मागत होता, आणि वर मिसळ खायला घेऊन गेला होता.

"मिसळ मी खाल्ली, कृती दिली नाही," भानू म्हणाले आणि तोंडावर मूठ धरून हलकेच ढेकर दाबला. "आता दोन अधिक दोन तुम्ही करा."

धम्मदीपनं बेरीज करायची घाई केली नाही. मोती बनवणाऱ्या दीपाली जगतापला त्यानं आधी गाठलं. ती रडून मोकळी झाली होती आणि आता चिडली होती, म्हणजे बोलायला बरी होती.

"मोती कशाचे असतात ते सोपं करून सांगाल का? मी कॉमर्सचा आहे."

दीपालीला पहिल्यांदा थोडं हसू आलं. "साखरेची भावंडं म्हणा. साखरेचे कण एकापुढे एक ओवून लांबलचक माळ केली की पॉलिसॅकराइड होतं. एक माळ समुद्री शेवाळातून मिळते, तिला अल्जिनेट म्हणतात. दुसरी कोळंबीच्या सालापासून करतात, ती कायटोसान. कायटोसानचे आम्ही इतके बारीक कण करतो की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. नॅनोकण. त्यांच्या पोटात औषध. आणि असे असंख्य कण अल्जिनेटच्या एकेका मोत्यात. मधुमेहाच्या माणसाची पायाची जखम भरत नाही ना, तिच्यात हे मोती भरायचे. पू शोषून घेतात आणि औषध हळूहळू सोडत राहतात."

"आणि ते मोत्याच्या आकारात का राहतात?"

"कॅल्शियममुळे. कॅल्शियम त्या माळांना एकमेकींशी बांधून ठेवतं. गाठी मारल्यासारखं."

"काल संध्याकाळी शेवटचं काय केलंत?"

"रोजचंच. बरणीतलं धुण्याचं पाणी ओतून टाकलं, टेबलावरच्या बाटलीतलं ताजं डिस्टिल्ड वॉटर बरणीत भरलं, बाटली धुवायला टाकली, फ्रीजला कुलूप लावलं. तेव्हा मोती होते. मी डोळ्यांनी पाहिले."

"आणि सकाळी ते पाणी नीट पाहिलंत?"

"कुठे पाहू देतात! बरणी दिसली आणि सरांनी फ्रीज लावून पट्ट्याच मारल्या. ठसे पुसले जातील म्हणे."

मग शैलाताई. त्या मांजरीच्याच. कार्यालय, साठा आणि किल्ल्या त्यांच्याकडे. धम्मदीपपुढे चहा ठेवत त्यांनी आधी मागं वळून पाहिलं.

"साहेब, पोरगं चांगलं हाय. पर खोटं कशाला बोलू? काल दीपालीताई आत जायच्या जरा आदी साई मागल्या दारानं भाईर आला. शर्टाच्या खिशावर असा हात दाबून. मला बघितलं आन् पार पांढरा पडला."

"खिशात बरणीभर मोती मावतील?"

शैलाताई विचारात पडल्या. "न्हाई मावायचे. पर कायतरी व्हतं."

साईसमोर पोह्यांची बशी तशीच होती. खात नव्हताच तो, नुसता चमचा फिरवत होता.

"मी चोरी केली नाही," तो म्हणाला. "एवढंच सांगतो. बाकी काही विचारू नका."

"काल आत गेला होतास?"

साईचा हात आपसूक शर्टाच्या खिशावर गेला, आणि खिसा रिकामा आहे हे लक्षात येताच खाली आला.

धम्मदीप उठला आणि प्रयोगशाळेत एक चक्कर मारून आला. परत आला तेव्हा त्यानं रुमालात काहीतरी धरलं होतं. कचऱ्याच्या डब्यात सापडलेली, फाडलेली एक छोटी पुडी. पित्त झालं की पाण्यात टाकून फसफसतं पेय करतात, त्या फ्रूट सॉल्टची.

जिथे पाणी प्यायचीही बंदी, तिथे कुणीतरी काल पित्ताचं औषध घेतलं होतं.

३

"ही पुडी कुणाची?" धम्मदीपनं सगळ्यांना विचारलं.

दीपालीनं मान हलवली. शैलाताई म्हणाल्या, "आमी ओवा खातो." साईनं खांदे उडवले.

"माझ्या लॅबमध्ये कुणी काही पीत नाही," भानू ठामपणे म्हणाले. "तशी पाटी आहे."

धम्मदीपनं त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "पाटी पाहिली मी. आता तो फ्रीज उघडतो."

"ठसे?"

"ठसे चौघांचेच निघणार, आणि चौघंही रोज हात लावता. मला बरणी बघायचीय."

चिकटपट्ट्या निघाल्या. बरणी टेबलावर आली. आतलं पाणी किंचित गढूळ होतं, पण गळ्यापर्यंत भरलेलं. धम्मदीपला पहिली शंका इथेच आली. चोरानं मोती नेले असते तर पाण्याची पातळी बरीच खाली यायला हवी होती. की मोती उपसून त्यानं तेवढंच पाणी घातलं? एवढा नीटनेटकेपणा चोराला कशाला हवा?

त्यानं बरणी हळूच तिरपी केली. पाणी लगेच धावलं नाही. आळसावल्यासारखं, काचेला धरून धरून सरकलं.

त्याला एकदम नागपुरातलं, इंदोऱ्याचं घर आठवलं. त्याची आई सुती साड्यांना घालायला खळ करायची, ती पातेल्यात अशीच हलायची.

"दीपाली, पाणी असं वाहतं?"

दीपाली पुढे आली. बरणी तिनं स्वतः हातात घेतली, हलवली, उजेडाकडे धरली. काचेच्या कांडीनं एक थेंब उचलला. थेंब सुटून खाली पडेना. बारीक तार धरून लोंबत राहिला.

तिचा चेहरा पालटला.

"हे पाणी नाही," ती पुटपुटली. "सर, मोती कुणी नेलेच नाहीत. मोती इथेच आहेत. विरघळलेत!"

४

भानू खुर्चीत बसले. क्षणभर त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. मग भुवया पुन्हा जवळ आल्या.

"डिस्टिल्ड वॉटरमध्ये एका रात्रीत मोती विरघळत नाहीत. म्हणजे कुणीतरी मुद्दाम विरघळवले. हे चोरीपेक्षा वाईट आहे! आमची फजिती करायची आणि सोमवारी हिंजवडीला जाऊन टाळ्या घ्यायच्या."

"मोती विरघळवायला काय लागतं?" धम्मदीपनं दीपालीला विचारलं.

"कॅल्शियम ओढून घेणारं काहीतरी. गाठी सुटल्या की माळा मोकळ्या. सगळ्यात सोपं म्हणजे सायट्रेट. पण ते आमच्या साठ्यात नाहीच."

"न्हाईच," शैलाताईंनी दुजोरा दिला. "कदी मागवलंच न्हाई."

"कुणी बाहेरून आणलं असेल!" भानूंचा आवाज चढला.

धम्मदीपनं साईच्या खांद्यावर हात ठेवून त्याला व्हरांड्यात नेलं. बोलण्याच्या हेलावरून त्यानं मघाशीच ओळखलं होतं की पोरगा आपल्या विदर्भातला, पुसदच्या बाजूचा आहे. त्यामुळे त्याचीही भाषा आपोआप घरची झाली.

"काहून घाबरून राहिला? तू फोटो काढला ना काल?"

साईनं चमकून वर पाहिलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच. खिशाला हात लावतो, अन् खिशातली वस्तू आता दाराजवळच्या ट्रेमध्ये पडली आहे. मोबाइलबंदी असलेल्या लॅबमधून माणूस खिशावर हात दाबून बाहेर येते, ते बहुतेक मोबाइलच लपवून. दाखव बरं."

साईनं ट्रेमधून मोबाइल आणला आणि कुलूप उघडून पुढे केला. "कोणालाच पाठवला नाही हो. फक्त आईला. शुगरमुळं तिचं पायाचं बोट काढावं लागलं. मी रोज फोनवर सांगतो, आम्ही मोती बनवतो, मोती बनवतो. ती म्हणते, दाखव तर एकदा. निघायच्या आधी एक फोटो घ्यावा म्हटलं. सरांना कळलं असतं तर नोकरीचं पत्रसुद्धा फाडलं असतं त्यांनी. पावलं वाजली तशी बरणी परत आत ठेवली अन् पळालो."

फोटो झकास आला होता. खिडकीतल्या तिरप्या उन्हात बरणी चमकत होती, मोती शाबूत होते. शेजारीच, अर्ध्या चौकटीत, चोचीची प्लास्टिकची बाटली उभी होती. तिच्यावर चिठ्ठी : डिस्टिल्ड वॉटर.

धम्मदीपनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. बाटली अर्धपारदर्शक होती. आतल्या बाजूला, काठाशी, बारीक बुडबुड्यांची अख्खी रांग चिकटली होती, आणि काही वर निघाले होते.

साध्या पाण्याला बुडबुडे यायचं कारण काय?

तो मोठ्यानं हसला. साई बघतच राहिला.

५

"सगळे बसा," धम्मदीप आत येत म्हणाला. "डॉक्टर, आपणही. आपण तर नक्कीच बसा."

भानू बसले.

"मोती काल संध्याकाळपर्यंत शाबूत होते, हे या फोटोवरून कळतं. फोटो साईनं काढला, आईला दाखवायला. त्याबद्दल काय शिक्षा करायची ती नंतर करा, आधी माझं ऐका. साईनंतर दीपाली आत आली. तिनं बरणीतलं जुनं पाणी ओतलं आणि या बाटलीतलं नवं भरलं. तिला वाटलं डिस्टिल्ड वॉटर. पण बाटलीत बुडबुडे आहेत. दीपाली, त्या पुडीच्या मागे काय लिहिलंय ते वाच."

दीपालीनं पुडी सरळ केली. "खायचा सोडा... सायट्रिक ॲसिड..." तिचा आवाज थांबला. मग ती जवळजवळ ओरडलीच. "हे दोन पाण्यात एकत्र आले की फसफसतात, आणि मागं उरतं सोडियम सायट्रेट! अगं बाई! मीच माझे मोती सायट्रेटमध्ये बुडवले!"

"तू बाटलीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवलास, एवढंच. प्रश्न राहतो बाटलीत फ्रूट सॉल्ट कुणी कालवलं हा. शैलाताई ओवा खातात. साईकडे ते असतं तर फोटोत तो पुरावा स्वतःच टिपून आईला पाठवलाच नसता. दीपालीनं कालवलं असतं तर मोत्यांवर ओतलंच नसतं. उरला असा माणूस, ज्यानं काल दुपारी मिसळ खाल्ली आणि आज सकाळीही ढेकर दाबतोय. मी विचारलं, पुडी कुणाची. सगळ्यांनी आपापलं सांगितलं. एकट्यानं पाटीचं सांगितलं."

सगळ्यांच्या माना वळल्या.

डॉ. भानूंचे कान लाल झाले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तर्री फार होती," ते म्हणाले. "घशाशी आलं होतं. केबिनमध्ये पेला नव्हता, बाहेर शैला होती. मी पाटी लिहिणारा माणूस, हिच्यासमोर पेला घेऊन आत कसा जाणार? ती बाटली स्वच्छ होती. त्यात दोन पुड्या टाकल्या. एकीचं रिकामं पाकीट खिशात राहिलं, दुसरीचं डब्यात गेलं असावं. थोडं प्यालो, तेवढ्यात समितीचा फोन आला म्हणून केबिनमध्ये गेलो. परत आलो तर बाटली धुवायला गेलेली. मला बरंच वाटलं. म्हटलं, पुरावा नाहीसा झाला."

"पुरावा बरणीत गेला," धम्मदीप म्हणाला.

आधी शैलाताईंना हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण उपयोग झाला नाही. मग दीपाली. साईला हसावं की नाही कळेना. भानू उठून त्याच्यासमोर उभे राहिले.

"साई, मी चुकलो. हे वाक्य मला सवयीचं नाही, म्हणून एकदाच म्हणतो. तुला सगळ्यांदेखत चोर म्हटलं, म्हणून सगळ्यांदेखतच माफी मागतो. आईला दुसरा फोटो पाठव. हा काही नीट आलेला नाही, बाटली मधे येते."

आता साईही हसला.

दीपालीनं मात्र तोवर एका चंचुपात्रात कॅल्शियम क्लोराइडचं दाट द्रावण करून आणलं होतं. सिरिंजमध्ये तिनं बरणीतला तो आळशी द्रव ओढला आणि वरून एकेक थेंब सोडायला सुरुवात केली. थेंब द्रावणात पडला की तिथल्या तिथे गोल होऊन थिजायचा. एक, मग दुसरा, मग भराभर. जरा मऊ, जरा वेडेवाकडे, पण मोतीच.

"चोरीचा माल परत," धम्मदीप म्हणाला.

"हे जखमेत घालता येणार नाहीत," दीपाली म्हणाली. "यात सरांचं पित्त आहे. पण नॅनोकणांची पूड साठ्यात आहे. साई, मदत केलीस तर चारच्या आत ताजे करू."

साईनं बाह्या वर केल्या.

६

समिती आली तेव्हा टेबलावर नवी बरणी होती. धम्मदीपला जायला हरकत नव्हती, पण भानूंनीच त्याला थांबवलं. "आज माझ्या अंगात खोटं बोलायचं बळ उरलेलं नाही," ते म्हणाले. "कुणीतरी साक्षीला असलेलं बरं."

समितीतल्या शल्यविशारद डॉ. शर्मिला घोरपडे बोलायला फटकळ होत्या. त्यांनी मोती हातमोज्यातल्या बोटांवर फिरवून पाहिले, कागद चाळले, आणि म्हणाल्या, "भानू, सगळं छान आहे. पण हे जखमेत खोलवर चिकटून बसणार. काढायचे कसे? आज आमचे रुग्ण पट्टी बदलायच्या दिवशी ओरडतात ते याचसाठी. चिकटलेलं खरवडून काढलं की नवी आलेली कातडी सोबत निघते. मागच्या दोन कंपन्यांना हेच विचारलं. दोघांनाही उत्तर देता आलं नाही."

दीपालीनं साईकडे पाहिलं, साईनं धम्मदीपकडे. धम्मदीपनं छताकडे पाहिलं.

भानू खाकरले. "खरवडायचे नाहीत. विरघळवायचे. सायट्रेटचं सौम्य, निर्जंतुक पाणी सोडायचं आणि थोडं थांबायचं. मोत्यांचा द्रव होतो, तो नुसता धुऊन टाकायचा."

"हे तपासून पाहिलंय?"

"काल रात्रभर," भानू म्हणाले. "अत्यंत यशस्वीपणे."

"कुणाला सुचलं?"

भानूंनी एक मोठा श्वास घेतला आणि मिसळीपासून सुरुवात करून सगळं सांगून टाकलं. डॉ. घोरपडेंच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसून झालं. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद पुढे ओढून सही केली. "सायट्रेटची चाचणी आधी नीट करून दाखवा. पद्धतशीर. उपाशीपोटी."

त्यानंतरच्या परवानग्या आणि तपासण्यांत वर्ष उलटून गेलं. साई हिंजवडीला रुजू व्हायची तारीख पुढे ढकलत राहिला, आणि एके दिवशी त्या कंपनीनं विचारायचंच सोडून दिलं.

पहिल्या रुग्णाची पट्टी बदलायच्या दिवशी दीपालीनं धम्मदीपला मुद्दाम बोलावलं. तो हॉस्पिटलच्या खोलीच्या दारापाशी उभा राहिला. खाटेवर हडपसरच्या भाजीवाल्या गोदाबाई होत्या. पायाला मोठी जखम. आधीच्या प्रत्येक पट्टीला त्यांचा आवाज जिन्यापर्यंत जायचा, असं सिस्टर सांगत होत्या. आजही त्यांनी दोन्ही हातांनी खाटेचा काठ पकडला होता, डोळे गच्च मिटले होते आणि दातांत पदर धरला होता.

डॉ. घोरपडेंनी पाणी सोडलं. थांबल्या. पुन्हा थोडं सोडलं आणि हलक्या हातानं धुतलं. जखमेच्या कडेला नवी गुलाबी कातडी जशीच्या तशी होती. साईनं धम्मदीपचं मनगट घट्ट पकडून ठेवलं होतं, ते त्याच्या स्वतःच्या लक्षातही आलं नव्हतं.

"सिस्टर," गोदाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "आता काढा एकदाचं. मी दात आवळून बसलीय."

"आजी, काढलं."

गोदाबाईंनी एक डोळा उघडला. पायाकडे पाहिलं. मग दुसरा उघडला आणि खोलीतल्या सगळ्यांकडे आळीपाळीनं रागानं पाहिलं.

"मंग सांगायचं न्हाई व्हय? उगा दात दुखाय लागले माझे."